हसरा डॉल्फिन आणि फिरता मेसेज

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा मेसेज हमखास उगवतो. सोबत निळ्याशार पाण्यात एका बाईच्या हाताखाली डोकं देणाऱ्या डॉल्फिनचा व्हिडिओ, आणि खाली मजकूर: ‘कोकणात जाताय तर डॉल्फिनला घाबरू नका. तो माणसाचा मित्र, सतत हसत असतो. होडी जवळ न्या, मासा दाखवा, पाण्यात उतरून हात लावा. डॉल्फिनने माणसाला इजा केल्याचं जगात एकही उदाहरण नाही. उलट बुडणाऱ्याला तो किनाऱ्यावर आणून सोडतो.’ यंदा आमच्या मामेभावाने हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, ‘तारकर्लीला कोण कोण येतंय?’ तिथे दिलेलं उत्तर तोकडं पडलं, म्हणून हे सविस्तर.

‘एकही उदाहरण नाही’ हे आधी बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. 1994 साली ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात तियाओ नावाचा एकटा डॉल्फिन किनाऱ्यावर पोहणाऱ्यांत मिसळायचा. लोक त्याच्या पाठीवर बसायला बघत, पर धरून लोंबकळत. त्याने बऱ्याच जणांना जखमी केलं, आणि त्या डिसेंबरात त्याची धडक बसलेला एक माणूस दगावला. इतकं मागे जायचं नसेल तर जपान घ्या. फुकुई प्रांतात 2022 पासून उन्हाळ्यात पोहणाऱ्यांना डॉल्फिन चावल्याच्या घटना घडल्या. 2023 मध्ये मिहामाच्या किनाऱ्यावर साठी ओलांडलेल्या एकाच्या बरगड्या मोडल्या. दोनशे किलोंच्या वर वजन असलेला प्राणी लाडात आला काय किंवा रागावला काय, बरगड्यांना दोन्ही सारखंच.

हसण्याचं म्हणाल तर ती जबड्याची ठेवण आहे. चेहऱ्यावर भाव आणायला लागणारे स्नायू त्याच्याकडे नाहीत. वाहून किनाऱ्याला लागलेला मेलेला डॉल्फिन ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. तोही हसतच असतो.

आता व्हिडिओ. त्यातला डॉल्फिन आपला नाहीच. तो बाटलीसारखं तोंड असलेला बॉटलनोज. आयर्लंडमधल्या डिंगल बंदरात 1983 ते 2020 लोकांच्या होड्यांभोवती खेळणारा फंगी याच जातीचा. असे प्राणी कळप सोडून एकटे राहिलेले असतात, आणि जातभाई नाहीत म्हणून होडीला, माणसाला चिकटतात. आपल्या किनाऱ्याला बहुतेक वेळा दिसतो तो हम्पबॅक, म्हणजे पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर असलेला. उथळ, गढूळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी तो मासे पकडतो. होडीपुढच्या लाटेवर स्वार होणं हा त्याचा स्वभाव नाही. जगभरातली त्याची संख्या इतकी घटलीय की तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

तरीही ‘होडी जवळ न्या’. मी एकदा अशा होडीत होतो. एक पाठ दिसली, कोणीतरी ओरडलं, आणि चार होड्या चार बाजूंनी धावल्या. पाठ बुडाली ती बऱ्याच वेळाने लांब निघाली. पुन्हा चौघे तिकडे. तासभर हेच. बरोबर पिल्लू होतं, हे मला फोटो मोठा करून पाहिल्यावर कळलं. आम्ही ‘खेळतोय बघ’ म्हणत होतो, आणि ती बिचारी पळत होती.

मासा दाखवण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात होऊन गेलाय. मंकी मियाच्या किनाऱ्यावर 1960च्या दशकापासून लोक डॉल्फिनना मासे भरवत. ज्या माद्या फुकटच्या माशांसाठी किनाऱ्याशी रेंगाळत, त्यांची पिल्लं इतरांच्या मानाने जास्त मरतात असं अभ्यासकांच्या लक्षात आलं. मग नियम कडक झाले. आता मोजक्या माद्यांना, रक्षकांच्या देखरेखीखाली, थोडेसेच मासे मिळतात. आपल्याकडे तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं.

राहिलं बुडणाऱ्याला वाचवणं. असं कधीच घडलं नसेल असं मी म्हणत नाही. आजारी जोडीदाराला किंवा मेलेल्या पिल्लालाही डॉल्फिन वर उचलून धरतात, तशीच कधी माणसाची पाळी येऊ शकते. पण फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचा झाफार नावाचा डॉल्फिन घ्या. लोकांचा लाडका, एकटा नर. 2018 मध्ये तो पोहणाऱ्यांना अंग घासू लागला, एका बाईला तर किनाऱ्याकडे परतू देईना. तिला होडीने सोडवून आणावं लागलं. लांदेवेनेकच्या महापौरांनी पाण्यात उतरायलाच बंदी केली. झाफार पुढे 2020 मध्ये एका जहाजामागोमाग नेदरलँड्सला पोचला आणि थोड्याच दिवसांत मेलेला सापडला, अंगावर प्रोपेलरचे घाव घेऊन.

मामेभावा, तारकर्लीला जरूर जा, मीही येतो. होडीवाल्या दादांना निघतानाच सांगू, की डॉल्फिन दिसला की लांबच इंजिन बंद करा, आम्ही थांबू. दिसला नाही तरी पैसे ठरल्याप्रमाणे देऊ, हेही आधीच सांगू. नाहीतर त्यांना पाठलाग करावाच लागतो.