‘लेस’ म्हणजे ‘कमी’? कोणी सांगितलं?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. ‘इंग्रजीत शब्दाच्या शेवटी लेस आलं की अर्थ कमी. मग प्राइसलेस वस्तू महाग कशी? रूथलेस माणसातली ही रूथ कोण? भाषा कसली, नुसता सावळागोंधळ! आपल्या मराठीत असलं काही नाही.’ आता एकेक मुद्दा घेऊ.

‘लेस म्हणजे कमी.’ मेख इथेच आहे. होमलेस म्हणजे कमी घर असलेला म्हटलं, तर मुंबईत वन आरकेत राहणारे सगळेच होमलेस ठरतील. ‘कमी’वाला लेस आणि शब्दामागे चिकटणारा लेस हे मुळात दोन वेगळे शब्द. दुसरा जुन्या इंग्रजीतल्या ‘लेआस’वरून आला, अर्थ मोकळा, विरहित. ‘लूज’ आणि हरवणं या अर्थाचं ‘लूझ’ त्याच्याच भावकीतले. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा: ‘आर्बाइट्सलोस’ म्हणजे बेकार आणि कमी म्हणजे ‘वेनिगर’. तिथे दोघांत गल्लत होतच नाही. (कॅशलेस मेडिक्लेम असूनही हॉस्पिटलात डिपॉझिट भरून आलेल्यांना ‘कमी कॅश’ हाच अर्थ पटेल, ते सोडा.)

‘प्राइसलेस महाग कशी?’ अहो, आपलं ‘अमूल्य’ तरी काय आहे? मोल करता येत नाही ते. फुकट मिळतं ते नव्हे.

रूथची गोष्ट मात्र खरंच मजेची. रूथ म्हणजे दया, कणव. मिल्टनच्या १६३७ सालच्या ‘लिसिडस’ या शोककवितेत देवदूताला रूथने विरघळायला सांगितलंय. पुढे रूथ वापरातून गेली, रूथलेस उरला. हळहळणं, पस्तावणं या अर्थाचं तिच्याच घरातलं ‘रू’ क्रियापद अजून वापरात आहे. रेकलेसमधला ‘रेक’ म्हणजे पर्वा. लिस्टलेसमधल्या ‘लिस्ट’चा किराणा मालाच्या यादीशी संबंध नाही, ती इच्छा. हॅपलेसमधला ‘हॅप’ म्हणजे नशीब, आणि हॅपी, हॅपन, परहॅप्स ही सगळी त्याचीच पिलावळ.

‘मराठीत असलं काही नाही.’ असं? मग बेफाममधला ‘फाम’ शेवटचा एकटा कधी भेटला होता? तो फारसीतून आलेला. अर्थ समज, भान. एकटा असा आता कोणी वापरत नाही, पण पोरं बाइक मात्र बेफाम चालवतात.

राहता राहिला ‘शेवटी लेस आलं की’ हा नियम. त्याला हवा असलेला ‘कमी’वाला लेस इंग्रजीत शब्दाच्या शेवटी आहे, पण अनलेस आणि नेव्हरदलेसमध्ये. अनलेस मूळचा ‘ऑन लेस’, म्हणजे ‘याहून कमी अटीवर’. ही दोन उदाहरणं फॉरवर्डमध्ये नाहीत. आणि ‘ब्लेस’मध्ये तर दोन्हींपैकी एकही लेस नाही. तो जुन्या ‘ब्लेट्सियन’वरून आलाय आणि त्याचं नातं बहुतेक अभ्यासक ‘ब्लड’शी जोडतात: बळीचं रक्त शिंपडून पवित्र करणं.