डिंकाचं रबर आणि सराफ बाजारातला टाकणखार

तो व्हिडिओ गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. या वेळी शेजारच्या काकूंकडून, खाली एक ओळ जोडून: "तुम्ही अंबडच्या कंपनीत हेच करायचात ना हो?" व्हिडिओत एक गृहस्थ पाण्यात पांढरी पूड घोळतात, मग दुसरी एक पूड टाकतात आणि भांड्यातून रबरासारखा गोळा उचलून दाखवतात. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: आइसक्रीम, सॉस, अगदी डोळ्यांच्या थेंबांतही हल्ली केमिकल लावलेला डिंक घालतात. तो म्हणजे प्लास्टिकच. पोटात गेला की त्याचं असं रबर होतं. आजीच्या लाडवांतला डिंक मात्र निसर्गाचा, त्याला भीती नाही.

हो काकू, हेच करायचो. गवारीच्या आणि चिंचोक्याच्या गमवर, म्हणजे बियांपासून काढलेल्या डिंकावर प्रक्रिया, बावीस वर्षं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पोटात रबर होतं." दुसरी पूड कसली, हे व्हिडिओत कुठेच सांगितलेलं नाही. मला संशय आला टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा. सराफ बाजारात दागिन्याला डाग देणाऱ्या एका कारागिराकडून चिमूटभर मागून आणला. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून गवार गम घेतला. चमचाभर गम थोड्या साखरेत मिसळून पाण्यात भुरभुरला (नुसता टाकला तर गाठी होतात, आणि त्या काही केल्या फुटत नाहीत), वर टाकणखाराचं पाणी ओतलं. दोन मिनिटांत तोच गोळा. नातू म्हणाला, "आजोबा, शेंबूड!" मग त्यावर लिंबू पिळलं. गोळा ढिला पडला, पसरला आणि बशीत पातळ होऊन वाहू लागला. धुण्याचा सोडा टाकल्यावर पुन्हा जमला.

कारण सरळ आहे. गवारीचा गम म्हणजे साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी: मॅनोज नावाच्या साखरेचा कणा, आणि साधारण दर दोन मॅनोजमागे गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेची एक फांदी. टाकणखार शेजारशेजारच्या साखळ्यांना चिमटे लावतो. ते चिमटे आम्लात सुटतात, आणि जठरात आम्लाला तोटा नाही. मुळात टाकणखार खायची वस्तूच नाही, आइसक्रीममध्ये तो घालत नाहीत. व्हिडिओतला गम तर बहुधा साधाच होता, काहीही बदल न केलेला. ज्या प्रक्रियेविरुद्ध ओरड चालली आहे, तिचा त्या भांड्यात पत्ताच नाही.

"आइसक्रीममध्ये केमिकल लावलेला डिंक." डब्यावर घटकांच्या यादीत ४१२ हा आकडा असतो, तो साध्या गवार गमचा. बी भाजून फोडायचं, साल आणि अंकुर वेगळे काढायचे, मधली डाळ भिजवून दळायची. उरलेली चुरी आणि कोरमा जनावरांच्या खाद्यात जातो. रासायनिक बदल केलेल्या गवारीला हा आकडा लागत नाही. तिचा गिऱ्हाईक वेगळा: कापड छपाई, खाणकाम, तेलविहिरी. अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींनी गवारीची मागणी एवढी वाढवली की भाव भडकले आणि मार्च २०१२ मध्ये आपल्याकडे गवारीचा वायदेबाजार बंद करावा लागला. ती सगळी गवार जमिनीत गेली, कोनात नाही.

"म्हणजे प्लास्टिकच." इथे जरा थांबतो, कारण हे माझं रोजचं काम होतं. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ते सर्वांना माहीत आहे. ती खळ गरम पाण्यात शिजवावी लागते आणि दोन दिवसांत आंबते. कारखान्याला गार पाण्यात विरघळणारी, गाळ न सोडणारी आणि टिकणारी खळ हवी असते. म्हणून गम कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर मोनोक्लोरोअॅसिटिक आम्ल सोडतात. साखळी तीच राहते, तिच्या काही कड्यांना आम्लाचा एक छोटा तुकडा लागतो. आम्लातलं क्लोरीन सोडियमसोबत निघून जातं आणि त्याचं होतं चक्क मीठ. ते मीठ मोजणं हे माझं काम. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेट टाकून ब्युरेटमधून (खुणा केलेल्या काचेच्या नळीतून) सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं, पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. छपाईचा माल बऱ्याचदा न धुताच जायचा, कारण मिठाने तिथे कुणाचं काही बिघडत नाही. शुद्ध प्रतीचा माल पाणी आणि अल्कोहोलने पुन्हापुन्हा धुवायचा. तेव्हा विचारायचंच असेल तर हे विचारा: काय जोडलं, आणि धुतल्यावर मागे काय राहिलं?

डोळ्यांच्या थेंबांबद्दल मात्र मजकूर अर्धा खरा आहे. कोरड्या डोळ्यांच्या काही थेंबांत बदल केलेली गवार खरोखर असते, हायड्रॉक्सीप्रोपिल गवार. आणि गंमत बघा, सोबत बोरेटही असतं, म्हणजे टाकणखाराचंच भावंड. बाटलीत ते पातळ राहतं. डोळ्यात अश्रूंचा अल्कधर्मीपणा किंचित जास्त मिळाला की तेच चिमटे लागतात आणि बुबुळावर ओलसर थर टिकतो. व्हिडिओतली करामत इथे औषध म्हणून कामाला आली आहे.

"निसर्गाचा तो निर्धोक." १९९० मध्ये अमेरिकेत वजन कमी करायच्या गवार गमच्या गोळ्यांवर सरकारला कारवाई करावी लागली. गोळी घशात फुगून अन्ननलिकेत अडकत होती. गम साधा, निसर्गाचाच. २००७ मध्ये युरोपात भारतीय गवार गमच्या मालात पेंटाक्लोरोफेनॉल आणि डायॉक्सिन सापडलं, पुढच्या वर्षी आयातीवर अटी आल्या. तिथेही दोष साखळीत बदल केल्याचा नव्हता, मालात भलतंच विष मिसळल्याचा होता.

एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याला सापडायला हवी होती, सापडली नाही. ४६६ हा आकडा कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचा. तो डिंक नव्हे, पण त्याच मोनोक्लोरोअॅसिटिक आम्लाने बदललेला आहे आणि खाण्यात चालतो. १६ जणांवर झालेल्या एका प्रयोगात काहींना ११ दिवस रोज १५ ग्रॅम दिला, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंत फरक दिसला. मात्रा भरपूर, माणसं थोडी. तरी प्रश्न रास्त आहे, आणि मी स्वतः आकडा बघूनच डबा उचलतो.

आणि ते आम्ल खरंच भयंकर आहे. कातडीवर सांडलं तर नुसतं भाजत नाही, आत शिरून जीवही घेऊ शकतं. पिंप उघडणारा कामगार हातमोज्याशिवाय उभा दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

काकूंना शेवटी दोन वाट्या भिजवायला सांगितल्या: एकीत बाभळीचा डिंक, दुसरीत उन्हाळ्यात सरबतात घालतात तो कतिरा. सकाळी पहिली वाटी मधासारखी झाली होती. दुसरीत कतिरा फुगून काठाबाहेर आला होता. काकूंनी फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "दोन्ही झाडाचेच आहेत."