जेमी त्याच्या खोलीतच होता

‘हे सगळं तुमच्याकडचं. आपल्याकडे घरात माणसं असतात, मुलांवर लक्ष असतं.’ ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका बघून झाल्यावर कल्याणच्या माझ्या मावसभावाने, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मला उद्देशून घरच्या ग्रुपवर एवढं लिहिलं आणि खाली धडाधड ‘अगदी बरोबर’ येत गेलं. दादाला मी मानते, पण हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मालिका मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक साधं गाव, तेरा वर्षांचा जेमी मिलर, शाळेतल्या केटीला भोसकून मारल्याचा त्याच्यावर आरोप. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. आणि मिलरांच्या घरात माणसं होती की! वडील एडी प्लंबर, आई, मोठी बहीण. कुणी दारुडं नाही, कुणी कुणाला सोडून गेलेलं नाही. शेवटच्या भागात आईवडील बसून हाच हिशोब मांडतात: पोरगा शाळेतून यायचा, तडक वर जायचा, दार लावून घ्यायचा, रात्री एक वाजतासुद्धा दिवा चालू असायचा. घरात आहे म्हणजे सुखरूप आहे, असं ते धरून चालले. दादा, तुझ्याकडे याहून वेगळं काय चालतं?

ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली तिसऱ्या भागाने. ‘तासभर नुसती बडबड.’ ‘त्या बाईने दोन ठेवून दिल्या असत्या तर पोरगं सुतासारखं सरळ झालं असतं.’ हे वाचून मी तो भाग पुन्हा लावला. मानसशास्त्रज्ञ ब्रायनी जेमीसाठी हॉट चॉकलेट आणि अर्धं सँडविच घेऊन येते. त्यातलं पिकल न आवडणारा जेमी थोड्या वेळाने त्याचाच घास घेतो. मधेच लाघवी बोलतो, मधेच कप उडवून देतो, आणि तेरा वर्षांच्या पोराला घाबरलीस म्हणून तिलाच हिणवतो. मग हळूहळू कळतं की केटीचा उघडा फोटो शाळाभर फिरल्यावर त्याने तिला विचारलं होतं, कारण आता ती खचलेली असेल, हो म्हणेल, असा त्याचा अंदाज होता. ती नाही म्हणाली. हे सांगताना त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. जेमी झालेल्या ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, आणि त्याला पुढे पंधराव्या वर्षी टीव्हीवरच्या कामासाठीचं एमी पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. याला ज्यांनी बडबड म्हटलं त्यांनी ऐकलंच नाही. राहिलं दोन ठेवून देण्याचं. एडीने लहानपणी बापाच्या पट्ट्याचा मार खाल्लाय. आपल्या पोरावर हात उचलायचा नाही हे त्याने त्यामुळेच ठरवलं होतं.

मी कल्याणची. १९९० साली शेजारच्या उल्हासनगरात दहावीचा पेपर लिहीत बसलेल्या मुलीला एकतर्फी प्रेमातून वर्गात घुसून जाळलं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता? घरोघरी आजी-आजोबा होते, दारं दिवसभर उघडी असायची. मी तेव्हा शाळेत होते. त्यानंतर आम्हा मुलींच्या क्लासच्या वेळा बदलल्या, एकटीने जायचं नाही, कुणी हाक मारली तर मागे बघायचं नाही, असं रोज बजावलं जाऊ लागलं. दादा माझ्याहून थोडाच मोठा. त्याला किंवा चाळीतल्या दुसऱ्या कुठल्या मुलाला समोर बसवून कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. २०२० साली हिंगणघाटला भर रस्त्यात प्राध्यापिकेला पेटवलं, तेव्हाही चर्चा फाशीची झाली, मुलांशी काय बोलायचं याची नाही.

इथे इंग्लंडमध्ये निदान बोलणं तरी होतं. पंतप्रधान स्टार्मर यांनी आपण मुलांसोबत मालिका बघितल्याचं सांगितलं, माध्यमिक शाळांना ती फुकट उपलब्ध झाली, आमच्या लेकाच्या शाळेतून इयर एटच्या, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना पत्र आलं. पहिल्या भागात पोलीस पहाटे दार फोडून मुलाला उचलतात खरे, पण वकील आणि बाप शेजारी बसल्याशिवाय त्याची चौकशी सुरू होत नाही. पुण्यात २०२४ साली दोन जीव घेणाऱ्या पोर्शच्या सतरा वर्षांच्या चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला होता, हे मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा मात्र कुणी ‘अगदी बरोबर’ म्हटलं नाही.

पण इथलेही सगळे प्रेक्षक शहाणे नाहीत. साउथपोर्टला २०२४ मध्ये एका कृष्णवर्णीय मुलाने तीन लहान मुलींना भोसकून मारलं, त्या हत्यांवर ही मालिका बेतली आहे आणि आरोपी मुद्दाम गोरा दाखवला आहे, अशी आवई उठली. ती कुठल्याही एका खऱ्या घटनेवर नाही, असं लेखक जॅक थॉर्न यांना सांगावं लागलं. म्हणजे इथेही अनेकांना गुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या माथी हवा होता. माझा लेक लीड्समध्ये जन्मला. अशा लोकांच्या लेखी तो बाहेरचा, आणि दादाच्या ‘तुमच्याकडच्या’ मुलांतही तोच. दादाचं वाक्य मला इतकं लागलं ते यामुळे. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडलेली मी, मला एका ओळीत ‘तुमच्याकडचं’ करून टाकावं, आणि तेही दादाने!

शाळेच्या पत्रानंतर मी लेकाला विचारलं की त्या मालिकेतले छुप्या अर्थाचे इमोजी, ते मुलींबद्दल ऑनलाइन नको ते शिकवणारे बाप्ये, हे तुला माहीत होतं का. म्हणाला, कधीपासून. त्यातले काही व्हिडिओ त्याला कल्याणहून आले होते, दादाच्या मुलाकडून. दोघं रोज ऑनलाइन खेळतात, आणि काय काय एकमेकांना पाठवतात ते मला ठाऊक नाही, दादालाही नाही. जुलैअखेर शाळा सुटली की आम्ही येतोय. तेव्हा दादा, दोघांना शेजारी बसवून तिसरा भाग लावू, आणि आपणही उठून जायचं नाही.