इंजिनवर पाणी की डिझेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

बॉनेटखालची सफाई घरी कशी करावी, या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. पाण्याने सेन्सर जातात. गॅरेजवाले डिझेल मारून ब्रशने घासतात तेच बरोबर. आणि सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना इंजिन धुवा म्हणणं शोभत नाही. शेवटचा आक्षेप आधी घेतो, तो सोपा आहे.

पाणी एकूण तीन-चार लिटर लागतं. पाइप लावायचाच नाही. कुंड्यांवर फवारायचा २ लिटरचा हातपंप दोनदा भरला की झालं. अडचण पाणी किती याची नाही, कसलं याची आहे. बोअरचं जड पाणी काळ्या प्लॅस्टिकवर वाळलं की पांढरे डाग पडतात. म्हणून शेवटचा अर्धा लिटर आरओचं पिण्याचं पाणी घ्या. आरओमधून वाया जाणारं नव्हे! बचत म्हणून बरेच जण तेच वापरतात, आणि त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

आता डिझेल. ते ग्रीस विरघळवतं हे खरंच, म्हणून तर गॅरेजात खोललेले पार्ट डिझेलच्या ट्रेमध्ये धुतात. पण ते पार्ट पुसून, हवा मारून मग बसवतात. जागेवरच्या इंजिनवर मारलेलं डिझेल वायरिंगमध्ये, बेल्टवर आणि होजवर जाऊन बसतं. कूलंटचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर गरम कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण डिझेल किंवा रॉकेल लागत राहिलं की फुगतं, मऊ पडतं. एका वेळेने काही होत नाही. दर सर्व्हिसिंगला मारलं तर होज क्लिपजवळ फुगलेला दिसू लागतो. बेल्टला लागलं तर तो घसरतो आणि ओरडतो. तुम्हाला दिसते ती चमक म्हणजे तेलाचा पातळ थर. एप्रिलचा फुफाटा त्यावर बसला की थोड्याच दिवसांत आधीपेक्षा जाड राप तयार. शिवाय तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ डिझेल पेट घेऊ शकतं, ते वेगळंच.

सेन्सरची भीती मात्र अनाठायी नाही. फक्त दोष पाण्याचा नाही, दाबाचा आहे. कनेक्टरांना रबरी सील असतं. आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याची प्रत) दर्जाचा कनेक्टर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण ती कसोटी स्थिर पाण्याची. वॉशिंग सेंटरच्या गनची १०० बारच्या आसपासची धार जवळून मारली तर सीलच्या कडेतून आत घुसते. तशा धारेची कसोटी निराळी, आयपी ६९के, आणि गाडीतले सगळे कनेक्टर तिला उतरत नाहीत. म्हणून गन नको, एवढं तुमचं-माझं एकमत समजू या.

लेखात क्रम घाईत उरकला होता, तो पुन्हा सांगतो. इंजिन बंद करून तास-दीड तास थांबा. हेड कव्हरवर हात ठेवता आला पाहिजे. गरम भागावर डिग्रीजर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) लगेच वाळतो आणि त्याचे चट्टे उठतात. आधी कोरडी सफाई: मऊ ब्रश आणि ब्लोअर. हे टाळलंत तर काळ्या मातीचा चिखल होईल, आणि तो ब्रशने निघत नाही, नुसता पसरतो. वायपरखालच्या जाळीतला कडुनिंबाचा पाला आत्ताच काढा, निचऱ्याची भोकं त्यानेच तुंबतात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा (बहुधा १० नंबरचा पाना). अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर इनटेक आणि इग्निशन कॉइल प्लॅस्टिक पिशव्यांनी झाका. पाण्यात मिसळणारा डिग्रीजर साध्या मळाला एकास दहा, तेलकट भागाला एकास चार. फवारून दोन-तीन मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, ब्रशने घासा, ओल्या कापडाने पुसा, मग हातपंपाची हलकी फवारणी. टॉयलेट क्लीनर किंवा कॉस्टिक अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. आपला सोलापुरी टॉवेल पाणी झकास टिपतो, पण जुना झाला की धागे सोडतो आणि ते क्लिपांत अडकतात. शेवटी मायक्रोफायबरच बरा.

एका बाबतीत चूक माझी. तुमच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीने वीज पोचवणारा भाग) आहे, आणि त्याच्या कॅपमध्ये ओल गेली की गाडी सुरूच होत नाही. अशा गाडीला फवारणी नको, फक्त ओलं कापड. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचंही तेच, कारण वायरिंगचे सांधे अनेकदा नुसत्या टेपचे असतात. हे लेखात असायला हवं होतं. आता घातलं आहे.

पिशव्या काढून, बॅटरी जोडून, बॉनेट उघडं ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. झटके देऊ लागलं तर बहुतेक वेळा स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी उतरलेलं असतं. इंजिन बंद करा, कॉइल उपसा, खोबणीत हवा मारा, कॉइलचं रबर पुसून परत बसवा. प्लग मात्र आधी खोलू नका, नाहीतर साचलेलं पाणी थेट सिलिंडरमध्ये जाईल.