रनिंग किती ते नंतर, आधी गाडीनं काय ओढलं ते सांगा

सेकंडहँड पिकअप बघायला गेलेला माणूस गाडीला हात लावायच्या आधी विचारतो, ‘रनिंग किती झालंय?’ आणि समोरचा डोळ्याची पापणी न हलवता सांगतो, ‘बेचाळीस हजार, शेठ. सिंगल हँड.’ आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतकडं हा संवाद इतका ऐकलाय की आता मी मीटर बघतच नाही, आधी विकणाऱ्याचा धंदा काय ते विचारतो.

हिशोब करून बघा. पिंपळगाव ते वाशी मार्केट एका बाजूनं २०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४००. टोमॅटोच्या हंगामात महिन्याला २५ खेपा धरल्या तर १० हजार किलोमीटर. हंगाम चार महिने जोरात चालला की ४० हजार तिथंच झाले. आता तीन वर्षं टोमॅटो, द्राक्षं, कांदा ओढलेली गाडी मीटरवर ४२ हजार दाखवत असेल, तर उरलेली दोन वर्षं ती काय तुळशीला प्रदक्षिणा घालत होती?

पण या पोस्टचा मुद्दा ‘मीटर फिरवतात, सावध राहा’ एवढाच नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं असं, की मीटर शंभर टक्के खरं असलं तरी नुसत्या त्या आकड्यावर पिकअप घेऊ नये. कार घेताना किलोमीटर बघणं ठीक आहे, कारण कारमध्ये चार-पाच माणसंच बसतात. पिकअपनं किलोमीटरमागं किती वजन ओढलं, कुठल्या रस्त्यानं ओढलं, हे मीटरवर कुठंच उमटत नाही.

तालुक्याच्या गावातली सिमेंट-स्टीलच्या दुकानाची गाडी घ्या. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, वर्षाला दहा-बारा हजार. पाच वर्षांत साठ हजार. मीटर खरं, मालकही सरळ माणूस. पण १३०० किलो माल वाहायच्या गाडीत सिमेंटच्या २६ गोण्या बसतात आणि दुकानदार टाकतो ४०. म्हणजे दोन टन. ते घेऊन गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बांधकामाच्या खड्ड्यातून वर चढते, अर्ध्या क्लचवर रिव्हर्स घेते, बंद होते, थंड होते, परत चालू होते. इंजिन नीट तापायच्या आत साईट आलेली असते. मुरूम, खडी, विटा वाहणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका.

दुसरीकडं वाशीची खेप करणारी गाडी. मीटरवर दीड लाख. बघणारा लगेच नाक मुरडतो. पण ती रात्री निघते, इंजिन एकदा तापलं की तीन-चार तास एका लयीत चौथ्या-पाचव्या गिअरवर चालतं, क्लचला फारसा हात, म्हणजे पाय, लागत नाही. आणि गंमत बघा, नाशिककडून मुंबईला जाताना कसारा घाट उतरणीचा. भरलेली गाडी घाट उतरते आणि चढते तेव्हा हौद्यात रिकामे क्रेट असतात. त्यामुळे ब्रेक खाल्ले जातात, ते बदलता येतात. इंजिन मात्र त्या मानानं वाचतं.

कोकणातल्या मासळीच्या गाडीचं याच्या बरोबर उलटं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फ आणि मासळी भरून कोल्हापूरला निघाली की भरल्या पोटी आंबा घाट चढायचा. वरून बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकत असतं. अशी गाडी वरून रंग मारून घाटावर विकायला आली की खाली वाकून बघितल्याशिवाय काही कळत नाही. एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी पासिंगची स्वस्त पिकअप दिसली की लोक खूश होतात. मी आधी टॉर्च काढतो. (रत्नागिरीच्या मित्रांनो, राग मानू नका. आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्या चांगल्या असतात, हेही कबूल.)

म्हणून दोन्ही गाड्या सारख्या भावात मिळत असतील तर मी दीड लाखाची हायवेची गाडी घेईन, साठ हजारांची सिमेंटवाली नाही. यावर माझं गॅरेजवाल्या मित्राशीही भांडण होतं. तो म्हणतो, इंजिन शेवटी किलोमीटरच मोजतं. मी म्हणतो, पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजत नाहीत.

पाट्यांवरूनच सांगतो. मागच्या चाकाजवळ खाली बसायचं आणि दोन्ही बाजूंचे पाटे मोजायचे. कंपनीनं दिलेत त्यापेक्षा जास्त असतील किंवा नवा-जुना पाटा एकत्र बांधलेला असेल, तर ही गाडी काय ओढत होती ते मालकाला विचारायचीही गरज नाही. मग चासीवर वेल्डिंगचे डाग बघा, विशेषतः केबिनच्या मागं आणि पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ. हौद्याचा पत्रा बदललाय का, फाळक्याचे बिजागर सैल झालेत का, तेही. मीटर मागं घेणाऱ्याला हे सगळं मागं घेता येत नाही.

तरी खरं रनिंग काढायचंच असेल तर मीटर सोडून बाकी ठिकाणी शोधा. सगळ्यात चांगला साक्षीदार फास्टॅग. मालकाला म्हणायचं, ‘दादा, वर्षभराचं फास्टॅगचं स्टेटमेंट मोबाईलवर दाखवा.’ घोटीच्या टोलनाक्यावरून गाडी महिन्यात किती वेळा गेली ते तारखेसह तिथं असतं. खेपा मोजा, अंतरानं गुणा. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला हे लागू नाही, तिथं पेट्रोल पंपाचं उधारीचं खातं कामाला येतं. महिन्याचं डिझेल बिल ३० हजार, भाव ९० रुपये धरला तर साधारण ३३० लिटर. भरल्या गाडीचं ॲव्हरेज १२ धरलं तरी महिन्याला चार हजार किलोमीटर होतात. मालक म्हणतो वर्षाला दहा हजार. मग उरलेलं डिझेल कुणी प्यायलं?

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटर ३५ हजार, आणि चार टायर चार वेगवेगळ्या तारखांचे, त्यात दोन रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), तर समजून जा. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी हे तर सगळेच बघतात. पण हुशार दलाल पेडलचं रबर नवं टाकतो. जुन्या गाडीला कोरं करकरीत रबर दिसलं की माझा संशय उलट वाढतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनी जॉबकार्डं मिळतात का ते मालकाला सोबत घेऊनच विचारा. मात्र पिकअपवाले फ्री सर्व्हिसिंग संपली की लोकल मिस्त्रीकडं जातात, त्यामुळे तिथं पहिल्या दोन वर्षांपलीकडं फारसं हाती लागत नाही. तेवढंही पुष्कळ असतं. दुसऱ्या वर्षी ७० हजारांची नोंद आणि आज मीटर ४२ हजार, असं निघालं तर बोलणंच संपलं.

आणि जुन्या केबलवाल्या मीटरमध्ये मागं घेण्याचीही गरज नसते. केबल तुटते, कोणी बसवत नाही, गाडी वर्षभर चालत राहते. मालक शपथ घेऊन सांगतो, ‘मीटरला हात लावला नाही.’ खरंच लावलेला नसतो!

ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत गाडीचं रनिंग नोंदलं जातं आणि नुसत्या गाडीच्या नंबरवर कुणालाही ते ऑनलाइन फुकट बघता येतं. अमेरिकेत १९७२ पासून मीटर फिरवण्याविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. आपल्याकडं पिकअप पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, जातेच. तिथं मीटरचा आकडा टिपून तो सरकारच्या एमपरिवहन ॲपवर दाखवला, तर दलालांचा निम्मा धंदा बसेल. ॲपवर विमा दिसतो, फिटनेसची तारीख दिसते, मग हा एक आकडा दाखवायला काय हरकत आहे, मला समजत नाही.

इंजिनाबद्दल एकच सांगतो, कारण बाकी तुमचा मिस्त्री सांगेल. जाताना फोन करून ‘गाडी चालू करू नका’ असं सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा, ऑइलचं झाकण उघडल्यावर ब्रीदर किती मारतंय, म्हणजे आतून वाफ-धूर किती बाहेर येतोय, हे तेव्हाच कळतं.

मीटर खोटं निघालं म्हणून गाडी सोडायचीच, असंही मी म्हणत नाही. चासी सरळ असेल, इंजिन कोरडं, म्हणजे ऑइल न गळणारं असेल तर खरं रनिंग धरून भाव पाडा आणि घ्या. घरी आणल्यावर इंजिन, गिअर आणि हाऊसिंगचं (मागच्या ॲक्सलचं) ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट एकदम बदला, कारण आधीचं कधी बदललं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तिथून पुढं तुमची डायरी.

आणि बयाणा देताना पावतीवर मीटरचा आकडा लिहून, ‘हे रनिंग खरं आहे’ असं लिहून विकणाऱ्याची सही घ्या. दलाल हसेल. म्हणेल, ‘असं कोणी लिहून देत नसतं, शेठ.’ मग त्याला म्हणा, ‘ठीक आहे, लिहू नका. पण मग भाव दीड लाख चाललेल्या गाडीचा लावा.’