हॉटेल नको, ओटा असलेलं घर घ्या

परदेशातून पुण्यात दत्तक मूल न्यायला येणाऱ्या मराठी जोडप्यांचं वेळापत्रक पुष्कळदा असं असतं: सोमवारी विमानातून उतरायचं, मंगळवारी संस्थेत, बुधवारी तुळशीबागेत खरेदी, गुरुवारी दगडूशेठ, शनिवारी चाळीस नातेवाइकांचं जेवण आणि रविवारी रात्री परतीचं विमान. मूल असतं सहा, सात, आठ वर्षांचं. आठ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत ही घाई कदाचित खपून जाईल, सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती हमखास अंगाशी येते.

माझं सरळ म्हणणं आहे: रजा काढणारच आहात ना, मग त्यातले तीन-चार आठवडे पुण्यात काढा, तेही हॉटेलात नको. गॅस, ओटा, कुकर, बादली आणि कपडे वाळत घालायला दोरी असलेला साधा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घ्या, शक्यतो संस्थेपासून अर्ध्या तासाच्या आत. विमानात बसवलं की मुलाची माणसं, भाषा, जेवण, हवा, अंथरूण, सगळं एका झटक्यात बदलतं. त्यातली माणसं तेवढी इथे असताना बदलू द्या. बाकी शहर, बोली आणि वरणभात काही दिवस तसाच राहू दे.

कायदा याच्या आड येत नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, म्हणजे 'कारा'चं, ना हरकत प्रमाणपत्र आलं की अंतिम आदेश व्हायच्या आधीच, संस्थेला हमीपत्र देऊन, मूल भारतातल्या भारतात तुमच्याकडे राहू शकतं. याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी नियमात दोन महिन्यांची मुदत आहे. हा काळ परदेशात बसून ईमेल तपासण्यात घालवायचा की मुलाबरोबर, एवढाच प्रश्न आहे. दोघांना जमत नसेल तर एकाने आधी यावं.

लोक सरसकट 'अनाथाश्रम' म्हणतात. प्रत्यक्षात सहा वर्षांपर्यंतची मुलं विशेष दत्तक संस्थेत असतात, त्यापुढची बालगृहात. मोठं मूल म्हणजे बहुधा ही एक बदली आधीच सोसलेलं मूल. 'आता तू इथे राहायचं' हे वाक्य त्याने एकदा ऐकलेलं असतं, आणि तेव्हाही ते कुणीतरी प्रेमानेच म्हटलेलं असतं.

येण्याआधीचं काम अल्बमचं. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तो पाठवू नका, कारण काही फिसकटलं तर मुलाच्या हातात नुसते फोटो उरतात. बारा ते पंधरा फोटो पुरेत: तुम्ही दोघं, घराचं दार, जिना, मुलाचं अंथरूण, न्हाणीघर, स्वयंपाकघर, समोरचा रस्ता, कुत्रा असेल तर कुत्रा. प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात एक ओळ मराठीत. पानं लॅमिनेट करा, कारण अल्बम एकट्याचा राहत नाही. आख्खी खोली तो चार दिवस हाताळते. डिस्नेलँडचा फोटो घालू नका. मूल तेवढाच लक्षात ठेवतं आणि उतरल्या दिवशी विचारतं.

पहिल्या भेटी संस्थेतच, लहान-लहान. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग संस्थेच्या परवानगीने अर्धा दिवस बाहेर आणि चहाच्या वेळेला परत. परत आणून सोडणं महत्त्वाचं असतं. ही माणसं नेतात आणि सांगितल्या वेळी आणतात, हे मुलाला दोन-तीनदा दिसलं की मग रात्रीच्या मुक्कामाचं बोला. पहिल्याच भेटीत मूल मांडीवर येऊन बसलं, 'आई' म्हणालं, तर हुरळून जाऊ नका. संस्थेत येणाऱ्या कुठल्याही पाहुण्याच्या मांडीवर ते असंच बसतं. उलट कोपऱ्यात उभं राहून तुमच्याकडे टक लावून बघणारं मूल पुष्कळदा जास्त ठीक असतं. आणि मोबाईल वर केला की बघा काय होतं: पाठ ताठ, दोन्ही हात पुढे, चेहऱ्यावर तयार हसू. वाढदिवसाला समोसे वाटायला येणाऱ्या पुणेकरांनी शिकवलेली ही पोझ आहे. निदान पहिला आठवडा कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

निघताना मुलाच्या अंगावरचा जुना कपडा आणि पांघरूण मागून घ्या. बदल्यात नवे चार जोड द्या, संस्था सहसा नाही म्हणत नाहीत. आणि ते धुऊ नका. घरच्या लोकांना ही गोष्ट पटवणं सगळ्यात अवघड जातं. कळकट फ्रॉक उशाशी कशाला? तर त्याला संस्थेत सांभाळणाऱ्या मावशींच्या हाताचा, हॉलचा, साबणाचा वास असतो आणि रात्री दोन वाजता तोच उपयोगी पडतो.

रात्र हा वेगळाच विषय. पंचवीस गाद्या, एक मिणमिणता दिवा आणि सतत कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज, अशा हॉलमध्ये झोपलेल्या मुलाला स्वतंत्र खोली म्हणजे शिक्षा वाटते. गादी तुमच्या गादीला लागून, जमिनीवर घाला. बाथरूमचा दिवा चालू, दार अर्धवट उघडं. परदेशातल्या घरात सजवून ठेवलेली ती चांदण्यांची खोली सहा महिने रिकामी राहील, राहू द्या.

आता जेवण. संस्थेतलं जेवण मिळमिळीत, मऊ आणि घड्याळावर चालणारं असतं. पालक प्रेमापोटी पहिल्या दोन दिवसांत आंबा, आइस्क्रीम, पनीर, ग्लासभर दूध असं सगळं घालतात आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. आधी संस्थेतल्या स्वयंपाकाच्या बाईंना विचारा की सकाळी काय, संध्याकाळी किती वाजता आणि तिखट किती, आणि दोन आठवडे तेच करा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी, हळद, मीठ, चार शिट्ट्या; वरून चमचाभर तूप. दूध अर्ध्या कपाने सुरू करा. नवा पदार्थ दोन दिवसांतून एकच. पोट बिघडलंच तर ओआरएसचं पाकीट उलटून वाचा: वीस-एकवीस ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चार ग्रॅमचं छोटं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट एका पेल्यात कालवून देणं ही नेहमीची चूक आहे, आणि त्याने त्रास वाढतो.

काही मुलं ओकेपर्यंत खातात, काही पोळी उशीखाली लपवतात. रागावू नका, डबे कुलपात ठेवू नका. दिवसातून पाच ठरलेल्या वेळा आणि मुलाच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवा, चणे, शेंगदाणे, गुळाचा खडा. तो रिकामा झाला की मुलाच्या देखत भरा. दहा-बारा दिवसांत भरलेला डबा तसाच राहू लागला तर लपवालपवी पुष्कळदा आपोआप कमी होते.

उवा असतील हे धरूनच चला. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन ओलसर केसांना दहा मिनिटं, मग धुवायचं, फणीने विंचरायचं, आणि नऊ दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. सोयीसाठी चकोट करू नका. केस कापणं अनेक मुलांनी नकोसं सोसलेलं असतं. रात्री अंग खाजत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरूज. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, नाहीतर ती फिरत राहते.

लसीकरणाचं कार्ड इथेच नीट बघून घ्या. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, कांजिण्यांचीही नसते. तिकडच्या शाळा दोन्ही मागू शकतात. बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तिकडच्या डॉक्टरांना बीसीजीचं आधी सांगा आणि इग्रा ही रक्ततपासणी मागा. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी भारतातल्या २ ते १४ वयाच्या मुलांची ती होतेच. कागदावरची जन्मतारीख अंदाजे असू शकते. त्यावरून तिकडे इयत्तेचा घोळ होतो, तेव्हा शाळेला आधीच कल्पना द्या.

बोलण्यात एक छोटी गोष्ट, जी मराठी पालकांना फुकटात मिळालेली आहे. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. खोलीतून दोन मिनिटं उठलात तरी 'आलो हं' म्हणा आणि खरंच दोन मिनिटांत या. हीच ओळ दिवसातून तीस वेळा. मूल मराठीत शिव्याही देईल. बालगृहाच्या मराठीत त्या असतात. पहिल्या आठवड्यात त्यावर तास घेऊ नका.

दिवसभर करायचं काय? सिंहगड, शनिवारवाडा पुढच्या सुट्टीला ठेवा. भाजी आणा. मुलाच्या हातात वीस रुपये देऊन कोथिंबीर त्याला घेऊ द्या. पीएमपीच्या बसने दोन थांबे जा. कपडे वाळत घाला. फार तर एकदा पेशवे उद्यानात फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी. तीन खेळणी पुरेत. दहा आणलीत तर सगळी तासाभरात मोडतात, कारण संस्थेत 'माझं' असं फारसं काही नसतं आणि वस्तू जपायची सवय 'माझं' असण्यातूनच येते. पाश्चात्त्य कमोड आणि फ्लशचा सराव मात्र इथेच करून घ्या, विमानातला तो आवाज भल्याभल्यांना दचकवतो. बूट घेताना पाऊल कागदावर गिरवून न्या. चपलेत वाढलेले पंजे रुंद असतात, मापाचा आकडा फसवतो.

आता नातेवाईक. आजी-आजोबांना किती वाट पाहावी लागली हे कबूल, पण पहिले दोन आठवडे घरात एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. औक्षण जरूर करा, चौघांत करा. भरवणं, अंघोळ, लागल्यावर जवळ घेणं, झोपवणं, या चार गोष्टी फक्त आईबापांनी करायच्या. आजीने गोष्ट सांगावी, पत्ते खेळावेत, भाकरी थापायला शिकवावी. आजीला हे फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा, आणि मूल यायच्या आधी. 'नशीब काढलंस गं बाई' हे वाक्य मुलासमोर बोलणाऱ्याला चहा न देता निरोप द्यायला माझी हरकत नाही. आणि मावसभावाला बजावून ठेवा: फेसबुकवर फोटो टाकायचा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कागदपत्रांत सगळ्यात महागात पडते ती नावाची मांडणी. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम चालतो. तो पासपोर्टच्या 'दिलेलं नाव' या रकान्यात गेला की तिकडच्या शाळेत, दवाखान्यात मुलीला बापाच्या नावाने हाक मारतात. आदेशाच्या अर्जापासूनच ठरवा: नाव काय, आडनाव काय, इंग्रजी स्पेलिंग एकच. आदेश, नवा जन्मदाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर एकही अक्षर इकडचं तिकडे नको. आदेशाच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढा, लागेल त्याला परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, करून घ्या. पहिलं नाव बदलू नका हे माझं ठाम मत. सात वर्षांच्या मुलाची स्वतःच्या मालकीची बहुधा तेवढी एकच वस्तू असते.

मुंबई विमानतळाच्या प्रवासाआधी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन-तीन गाडीफेऱ्या करा. घाटात उलटी ठरलेली, पिशव्या आणि कपड्यांचा जोड हाताशी ठेवा, पोट अगदी रिकामंही नको.

तिकडे पोचल्यावर पहिला धक्का शांततेचा. ना कुत्री भुंकत, ना कुकर वाजत. दुसरा उजेडाचा: जूनमध्ये जर्मनीत रात्री साडेनऊलाही उजेड असतो, आणि अंधार पडल्याशिवाय रात्र झाली हे मूल मान्य करत नाही, डिसेंबरात साडेचारला अंधारतं तर ते जेवण मागतं. जाड पडदे आणि भिंतीवर मोठं घड्याळ लावा. तिसरा धक्का फोडणीचा. मोहरी तडतडली की धुराचा भोंगा कोकलतो आणि मूल पलंगाखाली शिरतं. पोचल्या दिवशीच ते यंत्र दाखवा, चाचणीचं बटण त्यालाच दाबू द्या, आणि फोडणी खिडकी उघडून.

शाळा किमान महिनाभर नको, तिथला कायदा सवलत देत असेल तर सहा आठवडे. पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल जातो. समाजसेविका घरी येणार म्हणून घर आवरून ठेवता, तसे त्रास लपवू नका; मदत मागायची जागा तीच आहे.

संस्थेतल्या मावशींशी फोन सुरू ठेवा, संस्थेला आधी विचारून. मूल मराठी फार भराभर विसरतं, काही महिन्यांत. घरात तुम्ही बोललात तरच ती टिकते. युरोपातून रविवारी लावलात तर पुण्यातली दुपारी तीनची वेळ बरी, मुलं झोपलेली असतात आणि मावशींना दहा मिनिटं निवांत मिळतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून उन्हाळ्यात सकाळी साडेअकराला लावा, इथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पहिले दोन-तीन फोन मूल बोलणार नाही. फोन त्याच्या हातात न देता ओट्यावर उभा करून ठेवा, तुम्ही बोला, आणि त्याला शेजारी वाटाणे सोलायला बसवा.