एचआयव्हीची माहिती ग्रामपंचायतीला कळवणं सक्तीचं नाही

‘एचआयव्ही असलेल्यांनी ग्रामपंचायतीत आणि कामाच्या ठिकाणी कळवणं सक्तीचं, नाहीतर एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र) नावं जाहीर करणार’ असा मेसेज सांगली जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. तो साफ खोटा आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा नेमकं उलट सांगतो. रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला देता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपसात कळवणं, कोर्टाचा आदेश, असे मोजकेच अपवाद आहेत. जोडीदाराला धोका असेल आणि समजावूनही रुग्ण सांगत नसेल, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. पण सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचं नाही.

असे मेसेज जिवावर बेततात. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून जत तालुक्यातली एखादी बाई जवळचं केंद्र सोडून दूर जाते. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून ती धान्याच्या डब्यात लपवते. सासू स्वयंपाकघरात असली की त्या दिवशीची गोळी राहते. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू पुन्हा वाढतो. उलट, स्वतःच्या मर्जीने बहिणीला, मैत्रिणीला, एखाद्याच विश्वासाच्या माणसाला सांगितलं तर मनावरचं ओझं हलकं होतं, गोळीची आठवण करायलाही कुणी असतं. कुणाला आणि कधी सांगायचं, हे तिनेच ठरवायचं.

शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. मेसेज पुढे पाठवू नका.